डोलकाठीवरचा जांभळा उजेड

माझ्या सासुरवाडीत, म्हणजे गोराईला, माझ्या बोलण्याचा एक दर ठरलेला आहे. मी काहीही सांगितलं की ऐकणारा आधी मनातल्या मनात त्याला दहाने भागतो आणि मग मान हलवतो. यात त्यांची काही चूक नाही. बोरिवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये बिबट्या लिफ्टची वाट बघत उभा होता आणि मी त्याला ‘लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा’ म्हणून सांगितलं, ही हकिगत या गावात मीच आणली. अंधेरीला एका मंडळाचं लायटिंग केलं तेव्हा उतरायला आलेलं विमान गोंधळलं आणि मांडवाला प्रदक्षिणा घालून गेलं, हीही माझीच. दुसऱ्या गोष्टीतलं मंडळ खरं आहे.

धंदा माझा उजेडाचा. तरुणपणी घाटकोपरला एका गाळ्यात मी निऑनच्या पाट्या बनवायचो. काचेची नळी बर्नरवर तापवायची, मऊ पडली की हाताने वळवून अक्षर काढायचं, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, गॅस भरायचा आणि दोन्ही टोकांना करंट द्यायचा. काम नीट झालं असेल तर नळी लालबुंद पेटायची. आत हवेचा अंश राहिला तर मात्र रंग फसायचा. मळकट, आजारी, जांभळट. शेठ लांबूनच ओरडायचा, “हवा गेली रे नळीत, फेक ती.” अशा नळ्या मी इतक्या फेकल्या की एका जागी रचल्या असत्या तर घाटकोपरला आणखी एक टेकडी झाली असती आणि तिच्यावरही झोपड्या चढल्या असत्या. सांगायचा मुद्दा एवढाच की तो जांभळा रंग मी झोपेतसुद्धा ओळखतो, बायकोचा खोकला ओळखावा तसा.

पुढे एलईडी आली आणि निऑनची वाट लागली. मीही शहाण्यासारखा एलईडीच्या माळा, पट्ट्या, फोकस विकायला लागलो. गणपती, नवरात्र, हळदी, दुकानांची उद्घाटनं, यांवर आमचं घर चालतं.

सासऱ्यांना हे पटत नाही. त्यांना मी मामा म्हणतो. मामा डोलीवाले. समुद्रात खुंट ठोकून त्याला भलंमोठं पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने जे आत शिरेल ते आपलं म्हणायचं, अशी ही मासेमारी. बोंबील, जवळा, नशीब असेल तर आणखी काही. मोठ्या बोटीवाले काय करतात, तर जनरेटर लावून पाण्यावर प्रखर एलईडी सोडतात. मासे उजेडाला भुलून पिल्लांसकट गोळा होतात आणि हे एका फटक्यात सगळं उचलतात. कायद्याने बंदी आहे, तरी करणारे करतात. मामांनी त्याविरुद्ध इतके मोर्चे काढले की सरकारी कचेरीतला शिपाई त्यांना बघितल्यावर न विचारता बिनसाखरेचा चहा सांगतो. गावच्या कोळी जमातीच्या बैठकीत त्यांनी ठरावही करून घेतला. ज्याच्या बोटीवर एलईडी दिसेल त्याची बोट हंगामभर किनाऱ्यावर ओढून ठेवायची, आणि त्या माणसाने बैठकीत पुन्हा तोंड उघडायचं नाही.

अशा माणसाचा जावई लाईटवाला. मला जेवायला वाढतात हेच पुष्कळ.

नवरात्रात गावच्या देवीच्या मांडवाला माळा लावायला मी गेलो होतो. मामांचा खलाशी सणासाठी त्याच्या मुलखात गेलेला. दुपार कलल्यावर मामा मांडवाशी आले आणि म्हणाले, “जावई, चला. डोलीचा दोर सुटाया झालाय. धरायला मानूस पायजे.”

मी खांद्यावरची पिशवी तशीच घेऊन निघालो. आत एलईडीच्या पट्ट्या होत्या. माल उघड्यावर ठेवायची मला सवय नाही. बंदरावर जाळी विणत बसलेल्या सगळ्यांनी ती पिशवी बोटीत चढताना बघितली. मी त्यांना हातसुद्धा केला.

खुंटापाशी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. दोर बांधून होतोय तोवर ठाण्याच्या बाजूने ढग चढला. तो असा चढला की कोणीतरी सबंध मुंबईवर कढई पालथी घालतंय. वारा बंद. पाणी तेलासारखं. मामांनी इंजिन बंदच ठेवलं आणि आकाशाचा अंदाज घेत बसले. माझ्या हातावरची लव उभी राहिली. मला वाटलं थंडी वाजतेय, पण घाम येत होता.

मग आवाज सुरू झाला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर चर्र होतं तसा, पण न थांबणारा. मी वर बघितलं. डोलकाठीच्या टोकाला वायरलेसची लोखंडी सळई आहे, तिच्यावर आग उभी होती. हातभर. हे कृपा करून भागू नका, हातभरच. जांभळी, वर निमुळती, बारीक फांद्या फुटल्यासारखी. धूर नाही, ठिणगी नाही, काठी जळत नाही. काय आहे ते मामांना दाखवायला मी हात वर केला, तर माझ्या बोटांच्या टोकांवरही तसलेच जांभळे कोंब फुटले.

“हात खाली,” मामा म्हणाले. “आनि बसा.”

मी बसलो. रंग मी केव्हाच ओळखला होता. हवा गेलेली नळी. फक्त इथे काच कुठेच नव्हती आणि फेकायची म्हटली तर कुठून कुठवर फेकायची, हा प्रश्न होता.

मी खिशातून फोन काढून फोटो घेतला. त्यात पुढे काळोख आणि माझा अंगठा आला. अंगठा छान आलाय.

तेवढ्यात मागून दुसरी बोट आली, लाल रंगाची. तिचा मालक मामांचा शेजारी. मोर्च्यांत मामांच्या बरोबरीने घसा फोडणारा माणूस. तो एकटाच होता. तो सरळ आमच्यावरच आला, इतका जवळ की त्याच्या डोक्यावरची टोपी मला दिसली. मग त्याने एकदम बोट फिरवली आणि गोराईच्या दिशेने असा सुटला, जणू मागे समुद्र संपत आला होता. जरा वेळाने लांब कुठेतरी वीज पडली. काठीवरची आग फुंकर मारल्यासारखी गेली आणि पाऊस सुरू झाला. मामांनी इंजिन लावलं. बोट गोराईकडे वळवली.

सकाळपर्यंत गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. म्हाताऱ्याने जावयाकडून नवीन तऱ्हेची एलईडी आणली. पिशवीतून नेली, सगळ्यांनी बघितली. काठीवर चढवली, लाल बोटवाल्याने बघितली. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसांना समुद्रात अनोळखी उजेड दिसला तर दुसरं काही सुचतच नाही, आणि हे सुचायला त्यांना मामांनीच शिकवलं होतं. जमातीच्या पाटलाने रविवारी बैठक बोलावली.

मामांनी त्या दिवशी ताटातला बोंबील तसाच ठेवला. सासूबाई दोनदा येऊन ताट बघून गेल्या.

“तुम्ही सांगा ना त्यांना,” मी म्हणालो.

“सांगितला. काठीवर आग व्हती, आमी नाय लावली. एकदा सांगितला.” मामा ताट सरकवून उठले. “दुसऱ्यांदा सांगायचा म्हंजे पयलं खोटा व्हता.”

या माणसाने उभ्या आयुष्यात माशाची लांबी वाढवून सांगितलेली नाही. कोळीवाड्यात हे बिबट्याने लिफ्ट वापरण्याइतकंच दुर्मिळ आहे. आणि त्यांच्या बाजूला साक्षीदार कोण, तर मी.

मी मुलीला फोन लावला. ती मुलुंडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. स्पीकर चालू केला, मामा खिडकीत पाठ करून बसले होते.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “बाबा, यातलं खरं किती?”

“सगळं.”

“सगळं?” मी पुन्हा ‘सगळं’ म्हटलं. “मग तो प्लाझ्मा होता.”

मी म्हटलं नीट सांग. ती म्हणाली, घन, द्रव, वायू शाळेत शिकलास ना, त्यापुढची चौथी अवस्था. वायूला पुरेशी ऊर्जा मिळाली की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन निसटतात. मग तो साधा वायू राहत नाही. सुटलेले इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेले आयन यांची खिचडी होते, तिच्यातून वीज वाहते आणि ती उजळते. डोक्यावर गडगडाटी ढग असला की टोकदार वस्तूभोवती हवेचं असं होतं. जहाजांच्या काठ्यांवर खलाशांना हे फार पूर्वीपासून दिसत आलंय. आणि रंग जांभळा, कारण हवेत नायट्रोजन जास्त.

“म्हणजे घाटकोपरला नळीत हवा गेल्यावर...”

“तेच. आणि चांगल्या नळीतही प्लाझ्माच, फक्त निऑनचा. तू पोटासाठी प्लाझ्मा बनवत होतास बाबा. शेठला कळलं असतं तर त्याने पाटीचा भाव वाढवला असता.”

मी विचारलं, हे आणखी कुठे सापडतं. तिने सांगायला सुरुवात केली आणि मी हळूहळू खुर्चीत मागे सरकलो. आभाळातली वीज म्हणजे प्लाझ्मा. सूर्य, आतून बाहेरून प्लाझ्मा. रात्री दिसणारे तारे, सगळे. सूर्याकडून त्याचाच वारा सुटलेला असतो. त्यातले कण ध्रुवांकडच्या वरच्या हवेवर आदळतात तेव्हा तिथल्या आकाशात हिरवे पडदे हलताना दिसतात. आपल्या डोक्यावर, विमानांच्याही खूप वर, हवेचा एक थर दिवसाच्या उन्हाने असाच अर्धवट सुटा होऊन बसलेला असतो. विश्वात डोळ्याला दिसतं त्यातलं जवळजवळ सगळं प्लाझ्माच. दगड, पाणी, बोंबील, कचेऱ्या, हे आपलं किरकोळीत मोडतं.

खरं सांगतो, मला थोडा कमीपणा वाटला. इतकी वर्षं मी एवढ्या थापा मारल्या, पण मी फेकलेल्या नळीचा थोरला भाऊ रोज सकाळी मुलुंडच्या डोंगरामागून उगवतो, ही थाप मला कधी सुचली नव्हती. आणि ती खरी निघाली. खऱ्या गोष्टींनी असं वागायला सुरुवात केली तर माझ्यासारख्यांनी काय करायचं.

“मी येऊ रविवारी?” मुलगी म्हणाली. “फळ्यावर काढून दाखवते.”

खिडकीतून मामा म्हणाले, “नको. नात आज्याच्या बाजूनी बोलली, त्याच्यात काय नवल? आनि सूर्य म्हाताऱ्याच्या काठीवर कशाला आला, असा कोनतरी इचारील.”

“आजोबा, सूर्य नाही आला, तीच...”

“मना कललं गो. त्यांना नाय कलायचा.”

मुलगी मला म्हणाली, “बाबा, मग तूच बोल. पण दिसलं तेवढंच. तुझं बोलणं तिथे सगळे दहाने भागतात, माहितीय ना?”

माहीत होतं. पण ते तिच्या तोंडून, गणित शिकलेल्या माणसाकडून आलं, म्हणून की काय, मी दोन दिवस त्याच वाक्यावर बसून राहिलो. हातभर म्हटलं तर त्यांना बोटभर ऐकू येणार. बोटभर आग म्हणजे दिवाच.

आता जमातीच्या बैठकीची रीत सांगायला हवी. देवळाच्या बाजूच्या सभागृहात सगळे खाली बसतात, बोलणारा उभा राहतो. त्याचा शब्द कोणाला चुकीचा वाटला तर त्याने तिथल्या तिथे ‘थांब’ म्हणायचं आणि बरोबर काय ते सांगायचं. नंतर नाक्यावर बोललेलं चालत नाही. जो गप्प बसला, त्याने मान्य केलं. मोठमोठ्या भानगडी या गावाने अशा मिटवल्या आहेत. पलीकडे मुंबईत एका सोसायटीच्या मीटिंगला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात यांचे तीन तंटे निकालात निघतात.

रविवारी सभागृह भरलं. लाल बोटवाला उभा राहिला आणि म्हणाला, काठीवर लाईट होती, माझ्या डोळ्यांनी बघितली. मामांनी ‘थांब’ म्हटलं आणि आपलं एकच वाक्य पुन्हा न सांगता नुसतं, “मी काय ते सांगितलाय,” एवढं बोलून खाली बसले. लाल बोटवाल्याचा राग खोटा नव्हता. ज्याच्यामागे मोर्च्यात उन्हातून चाललो त्यानेच असं करावं, हे त्याला सोसवत नव्हतं.

मग पाटील माझ्याकडे वळला. “बोला जावई. बिबट्या नको.”

सभागृह हसलं. मी उभा राहिलो. दोर बांधला ते सांगितलं. ढग आला ते सांगितलं, कढई वगळून. कोणी थांबवलं नाही. उलट लोक जरा अस्वस्थ झाले, हॉटेलात रोजचा तिखट रस्सा मागवावा आणि पेज यावी तसे.

“मग काठीच्या टोकाला उजेड दिसला,” मी म्हणालो. “लहानसा होता. बोटभर.” आणि करंगळी दाखवली.

समोरच्या रांगेत मामांनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“मिणमिणता होता,” मी पुढे म्हणालो. “आवाजबिवाज काही नाही. एवढं काय त्यात. लाल बोट तर किती लांब होती, त्यांना नीट दिसलंही नसेल. अंधारात माणूस काय...”

“थांब.”

लाल बोटवाला उठून उभा राहिला होता.

“मी लांब? तुज्या बोटीला हात लावला असता येवढा जवल व्हतो मी. बोटभर? अरे, हातभर व्हती ती. उभी. निवडुंगासारखे फाटे फुटलेले.”

“मला तर बुवा बारीकच...”

“तुला काय दिसतंय. जांबली व्हती. आनि आवाज नाय म्हंतो. नागासारखी फुसफुसत व्हती, माज्या इंजिनाच्या आवाजातपन ऐकू आली.”

पाटील पुढे वाकला. “पान्यावर उजेड कवडा पडला व्हता?”

“पान्यावर कुठचा? पानी कालंकुट्ट. म्हनून तर...”

तो थांबला.

“म्हनून काय?” पाटलाने विचारलं.

“म्हनून मी बोट फिरवली.”

“मासे चोरनाऱ्याला पकडाया गेलास, आनि बोट फिरवलीस?”

तो गप्प राहिला. सभागृहही गप्प. इथे कोणी गप्प राहिलं की त्याचा अर्थ काय होतो हे मुलांनासुद्धा पाठ आहे.

पाटील माझ्याकडे वळला. “जावई, तुमच्या दुकानात हातभर, जांभली, फुसफुसनारी लाईट मिलते?”

“मिळाली तर पहिली मीच घेईन.”

“आनि जी पान्यावर पडतच नाय, ती लावून मासे कोन धरील?” हे त्याने कोणाला उद्देशून विचारलं नाही. रीतीप्रमाणे तो थांबला. पुरेसा थांबला. पंखे फिरत होते. लाल बोटवाला खाली बसला, त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

“बोट पान्यातच राहील,” पाटील म्हणाला.

मला वाटलं, आता विज्ञानही होऊन जाऊ दे. मी म्हणालो, याला प्लाझ्मा म्हणतात, सूर्यसुद्धा याचाच आहे, तारेही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला दिसलं की सबंध सभागृह एकाच वेळी दहाने भागतंय. पाटील म्हणाला, “बसा जावई. जिंकलात तवडं पुरे.”

संध्याकाळी बोरिवलीला परतायला मी जेट्टीवर निघालो. मामा सोडायला आले. असे ते कधी येत नाहीत. वाटेत लाल बोटवाला त्याच्या बोटीवर जाळं झटकताना दिसला. मामांनी हात वर केला, त्यानेही केला. तेवढ्यावर दोघांचं झालं.

जेट्टीवर लाँच यायला वेळ होता. पलीकडे बोरिवलीच्या टॉवरांवर लाईटी लागत होत्या, बऱ्याचशा माझ्याच, असं मी तरी म्हणतो. मामा खाडीकडे बघत उभे होते.

“हातभर व्हती,” ते म्हणाले.

“हो मामा.”

“तुमी बोटभर बोललात.”

“बोललो.”

“मी थांब नाय बोललो.” आज वारा पश्चिमेचा आहे, हे सांगावं तशा आवाजात ते म्हणाले. “त्यानी बोलाच्या आदी मी बोलाया पायजे व्हतो. तोंड उघडला व्हता. मिटला.”

लाँच धक्क्याला लागली आणि माणसं चढायला लागली. मी खांद्यावर पिशवी टाकली.

“खलाशी अजून आला नाय,” मामा मागून म्हणाले. “परवा भरती सकालची हाय. दोर धराया या.”

मी मान हलवली.

“आनि ती पिशवी घरी ठेवून या.”